पाणी खरं, जागा खोटी : भास आणि सुइतोन जोडणारं जुत्सू कसं रचायचं

आमच्या रोलप्ले गटात (‘नारुतो’ या जपानी निंजा-कथेच्या जगातली पात्रं घेऊन आम्ही लढाया लिहितो) कुणी नवं जुत्सू, म्हणजे निंजाचं तंत्र, बनवलं की ते आधी माझ्याकडे तपासायला येतं. मी परत पाठवते त्यातला सगळ्यात मोठा गठ्ठा एकाच जातीचा असतो: गेंजुत्सू (भास घालणारं तंत्र) अधिक सुइतोन (पाण्याचं तंत्र). कल्पना सगळ्यांना सुचते आणि जवळपास सगळे ती एकाच जागी बिघडवतात. नमुना साधारण असा: ‘शत्रूला भास होतो की तो खोल समुद्रात बुडतोय. त्याच क्षणी मागून खरा जलड्रॅगन येऊन त्याच्यावर आदळतो.’

वाचायला झकास. पण बुडतोय असं त्याला पक्कं वाटत असेल तर गडी आधीच निकामी झालाय, मग ड्रॅगन कशाला? आणि ड्रॅगन आदळला तर दुखणार, दुखलं की गेंजुत्सू सुटणार. नारुतोच्या जगात हे पुन्हा पुन्हा दिसतं. तायुयाच्या बासरीच्या जाळ्यातून शिकामारू स्वतःचं बोट मोडून सुटतो. इताचीने उलटवलेल्या भासातून कुरेनाइ ओठ चावून बाहेर येते. तुम्ही तर टनावारी पाणी अंगावर घालताय! म्हणजे तुमच्याच पाण्याने तुमचाच भास धुऊन गेला.

माझं स्वतःचं पहिलं जुत्सू याच पंथातलं होतं. अख्खी दरी पाण्याखाली गेल्याचा भास, त्यात तीन ड्रॅगन, वर वीज. वर्णन दीड पान. समोरच्याने उत्तरात फक्त ‘काइ’ (भास तोडण्याचा शब्द) एवढंच लिहिलं आणि माझी दरी कोरडी ठणठणीत झाली.

तेव्हा पुढची प्रत्येक पायरी एका गृहीतकावर उभी आहे: पाण्याचा पहिला फटका बसला की भास संपला. भासाचं जे काही काम आहे ते त्याआधी उरकलं पाहिजे.

## तयारी : पेन उचलण्याआधी एक पान भरा

या पानावर तीन गोष्टी हव्यात.

पहिली, तुमच्या कथेचे नियम. पाच तत्त्वांपैकी कोण कुणावर भारी ते लिहून ठेवा: पाणी अग्नीला विझवतं, माती पाण्याला अडवते. गेंजुत्सू म्हणजे आपलं चक्र (शरीरातली ऊर्जा) शत्रूच्या मज्जासंस्थेपर्यंत पोचवून त्याच्या इंद्रियांना चुकवणं. म्हणजे चक्र पोचायला वाट लागते. ही ‘वाट’ बहुतेकांच्या प्रस्तावात नसतेच. शत्रू आला आणि त्याला भास झाला, एवढंच.

दुसरी, पात्राची कुवत. भास धरून ठेवणं आणि पाणी हलवणं ही दोन वेगळी कामं आहेत. एका वेळी दोन कामं किती अवघड असतात ते नारुतो रासेनगानमध्ये (चक्राच्या फिरत्या गोळ्यात) वाऱ्याचं तत्त्व घालतो तेव्हा दिसतं: आकार सांभाळायला एक प्रतिरूप, तत्त्व घालायला दुसरं. तुमच्या पात्राकडे प्रतिरूपं नसतील तर दोन्ही कामं एकाच वेळी पूर्ण ताकदीने करता येणार नाहीत. हे आत्ताच मान्य करा, पुढे चौथ्या टप्प्यात त्रास कमी होतो.

तिसरी, जागा. पाणी कुठे आहे, किती आहे, किती खोल आहे, आणि शत्रू त्यात उभा आहे की काठावर.

इशारा: भास आणि पाणी जोडलं म्हणजे केक्केइ गेंकाइ (वंशातून येणारी खास शक्ती) झालं, असं लिहू नका. दोन तत्त्वं मिसळून तिसरं तयार होतं तेव्हा तो शब्द लागू पडतो, उदाहरणार्थ पाणी आणि वारा मिळून बर्फ. गेंजुत्सू हे तत्त्वच नाही. त्यामुळे वंशपरंपरेची सबब लागत नाही आणि तिचा फायदाही मिळत नाही. कुणीही मेहनती चुनिन (मधल्या दर्जाचा निंजा) हे शिकू शकतो.

उदाहरण म्हणून या लेखात मी माझं एकच जुत्सू पहिल्यापासून शेवटपर्यंत उघडून दाखवणार आहे. पात्र: एक चुनिन मुलगी. जागा: लावणीपूर्वी पाणी भरून ठेवलेलं भातखाचर, वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद, पाणी दहा सेंटीमीटर.

## टप्पा १ : खोटं एका वाक्यात लिहा

इथे घाई करू नका. सगळं जुत्सू या एका वाक्यावर तोललेलं असतं.

वाक्याचा साचा असा: ‘शत्रूला पाण्याची अमुक एक गोष्ट चुकीची कळते.’ एकच गोष्ट. जागा, दिशा, खोली, वेळ, प्रमाण, यातली कुठलीही निवडा, पण दोन नको. बाकी सगळं पाणी जसं आहे तसं, खरंखुरं दिसू द्या.

महाभारतातली मयसभा आठवा. दुर्योधनाला कुणी समुद्र दाखवला नव्हता. जमीन होती तिथे पाणी वाटलं म्हणून त्याने वस्त्र सावरलं, पाणी होतं तिथे जमीन वाटली म्हणून सरळ आत पडला. खोटं एकच: पाणी कुठे आहे. त्याला कुणी ढकलावंही लागलं नाही, तो स्वतःच्या पायांनी गेला. चांगल्या जुत्सूची हीच खूण असते. भासाने शत्रूकडून एक चुकीची हालचाल करून घ्यायची, मग पाण्याचं काम सोपं होतं.

दुसरं उदाहरण स्वयंपाकघरातलं. पातेल्याच्या तळाशी नाणं ठेवा आणि नाणं काठाआड नुकतं दिसेनासं होईल इतके मागे सरका. आता कुणाला तरी हळूच पाणी ओतायला सांगा. तुम्ही जागचे हललेला नाही, नाणंही नाही, तरी ते वर येऊन दिसायला लागतं. पाणी मुळातच खोटं बोलतं: सरळ वरून पाहिलं तर चार फूट खोल डोह तीनच फूट वाटतो. विहिरीत पहिली उडी मारलेल्या पोराला हे सूत्र न शिकता कळलेलं असतं. तर भास शून्यातून उभा करण्यापेक्षा पाणी जे खोटं आधीच बोलतंय ते थोडं वाढवा. चक्र कमी लागतं, आणि शत्रूला संशय येत नाही, कारण विचित्र असं काही दिसतच नाही.

माझं वाक्य: ‘शत्रूला चालून येणारं पाणी आहे त्यापेक्षा सहा पावलं मागे दिसतं आणि ऐकू येतं.’

हे निवडायला कारण आहे. अनुभवी शिनोबी (निंजा) लाट पाहून घाबरत नाही. तो अंतर जोखतो, योग्य क्षणाची वाट पाहतो आणि उडी मारतो. त्याला अंतरच चुकीचं दिलं तर तो जितका कसलेला तितका नेमका चुकेल. नवखा गडी मात्र लाट दिसताच पळत सुटेल आणि कदाचित वाचेल. मला ही गंमत आवडते.

तपासणी: वाक्यात ‘आणि’ किती वेळा आला? माझ्यात एकदा आहे, पण तो दोन इंद्रियांसाठी, दोन खोट्यांसाठी नाही. डोळ्यांना लाट लांब दिसली आणि कानांना जवळ ऐकू आली तर भास तिथेच उघडा पडेल.

## टप्पा २ : पाण्याचा हिशोब

सगळ्यात जास्त प्रस्ताव इथे आपटतात, कारण पाण्याचं वजन कुणी करतच नाही. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार लिटर, म्हणजे एक टन. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांपुढे आणा, तेवढं.

माझं खाचर: वीस गुणिले वीस गुणिले दशांश एक, म्हणजे चाळीस घनमीटर, चाळीस टन. लाट हवी चार मीटर रुंद, अर्धा मीटर उंच, मीटरभर जाड: दोन घनमीटर, दोन टन. गुडघ्याच्या उंचीवर दोन टन वेगाने आले तर माणूस उभा राहत नाही, आणि खाचरातलं पाणी सगळीकडे सारखं खेचून घेतलं तर पातळी जेमतेम पाच मिलिमीटर उतरते. म्हणजे शत्रूला पाणी कमी झाल्याचंही जाणवणार नाही. हिशोब केला नसता तर मला ही सोय कळलीच नसती.

आता नेहमीची चूक: धुक्यातून लाट. लोक बिनधास्त लिहितात की मैदानभर धुकं पसरलं आणि मग त्याचाच महाकाय ड्रॅगन झाला. दाट धुक्यातही घनमीटरमागे साधारण अर्धा ग्रॅमच पाणी असतं. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद, दहा मीटर उंच धुकं पूर्ण पिळून काढलंत तरी पन्नास लिटर हाती येतील. अडीच बादल्या. त्यात ड्रॅगनचं शेपूटही भिजणार नाही.

कोरड्या जागी चक्रातून पाणी काढायचं असेल तर ते चालतं, पण ते दुसऱ्या होकागेच्या (गावप्रमुखाच्या), तोबिरामाच्या तोलाचं काम आहे. तुमच्या पात्राने नुकतीच चुनिन परीक्षा दिली असेल तर त्याला नदी, तळं, खाचर, पाऊस किंवा निदान मोठा हौद द्या.

## टप्पा ३ : भास आत शिरतो कुठून

मूळ कथेत गेंजुत्सू लागण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत: शारिंगानची (चक्र दिसणाऱ्या खास डोळ्यांची) नजर, बासरीचा आवाज, चुनिन परीक्षेत प्रेक्षकांना झोपवणारी ती पांढरी पिसं, इताचीचं नुसतं बोट. पाण्याच्या जुत्सूत वाट पाण्यातूनच गेली तर रचना एकजीव होते. मला चार वाटा कामाच्या वाटतात, आणि चौघींची खोड वेगळी आहे.

धुकं. पहिली सुचते तीच, आणि तिथेच गडबड होते. धुकं लपवतं, भास दाखवतो. झाबुझा या निंजाच्या धुक्यासारखं दाट केलंत तर शत्रूला काहीच दिसत नाही, मग त्याच्या डोळ्यांना खोटं दाखवायला जागा कुठे उरली? धुकं वापरायचंच तर विरळ ठेवा, आकृती दिसतील पण अंतर कळणार नाही इतकं. आणि स्वतःच्या साथीदारांचं काय, तेही लिहा. झाबुझा आवाजावर शिकार करतो, म्हणून त्याला स्वतःचं धुकं परवडतं.

प्रतिबिंब. शत्रूने पाण्यात पाहिलं की भास लागतो. सुंदर वाट, पण पाणी संथ लागतं. लाट उठवलीत की प्रतिबिंब फुटलं आणि वाटही तुटली. दबा धरून बसायला ठीक, चालू लढाईत नाही.

थेंबांचा आवाज. गुहा, भुयार, रिकामं देऊळ अशा ठिकाणी हिच्यासारखी वाट नाही. धबधब्याशेजारी शून्य उपयोग. शत्रूचं डोकं पाण्याखाली असेल तर एक जादा सोय मिळते: पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच पोचतो, आणि तो कुठून आला हे माणसाला कळत नाही. तिथे दिशा चुकवायला फार चक्र खर्चावं लागत नाही.

स्पर्श. पाण्यात पसरलेलं चक्र शत्रूच्या घोट्यांना लागतं. दुखत नाही, दिसत नाही, आणि पाण्यात उभं राहिल्याशिवाय लढताही येत नाही. मी हीच घेतली.

स्पर्शाची वाट घेणाऱ्यांनी एक प्रश्न आधीच सोडवून ठेवावा, कारण समोरचा तो विचारणारच: शत्रू पाण्यात न बुडता पाण्याच्या पृष्ठभागावर उभा राहिला तर? माझा नियम असा की त्यासाठी त्याला तळपायांतून सतत चक्र सोडावं लागतं, म्हणजे संपर्क आहेच, पण त्याचं चक्र बाहेर वाहत असल्यामुळे माझं आत शिरायला दुप्पट वेळ लागतो. तुम्ही वेगळं ठरवा हवं तर. ठरवलेलं लिहून ठेवा म्हणजे झालं, ऐन लढाईत नियम बनवायला लागलात की भांडणं होतात.

इशारा: वाट शत्रूला दिसू शकत असेल तर ती कधी दिसते तेही नोंदवा. शारिंगानला चक्र रंगासारखं दिसतं. पाण्यात पसरणारं चक्र तो पहिल्याच श्वासात पाहील.

## टप्पा ४ : श्वासांचा तक्ता

‘एकाच वेळी’, ‘त्याच क्षणी’, ‘इतक्यात’ हे शब्द प्रस्तावातून खोडून टाका आणि त्यांच्या जागी आकडे घाला. सेकंदांपेक्षा श्वास बरे, लिहिताना लय मिळते. माझा तक्ता असा:

१. श्वास १ ते ३: मुलगी दोन्ही तळपाय चिखलात टेकवते. चार मुद्रा (हातांच्या खुणा). चक्र पाण्यातून पसरतं. या तीन श्वासांत ती जागची हलू शकत नाही.

२. श्वास ४: चक्र शत्रूच्या घोट्यांपर्यंत पोचतं, भास बसतो. अजून कुठेच काही हलत नाही, त्यामुळे शत्रूला फरक जाणवत नाही. लाटच नसेल तर ती मागे दिसणार कशी!

३. श्वास ५: तीन मुद्रा. लाट उठते. आता भास धरून ठेवणं आणि पाणी हलवणं एकत्र आलं, तो एकच श्वास.

४. श्वास ६: लाट पोचते. शत्रूच्या हिशोबाने तिला अजून सहा पावलं यायचंय. फटका, पडणं, भास खलास.

५. श्वास ७: मुलगी पाण्याबाहेर, बांधावर. पुढचं काम कुनाइचं (निंजाच्या सुरीचं) किंवा साथीदाराचं.

जड काम एका श्वासापुरतंच येतं म्हणून चुनिनला झेपतं. भास आधी आणि पाणी नंतर, हा क्रम उलटा करून पाहा: लाट आधी उठली असती तर शत्रूने तिचं खरं अंतर आधीच पाहिलं असतं आणि मग ती अचानक सहा पावलं मागे उडी मारताना दिसली असती. तिथेच त्याच्या लक्षात आलं असतं की कुठेतरी पाणी मुरतंय.

मुद्रांची संख्या कशी ठरवायची हे बरेच जण विचारतात. मूळ कथेत झाबुझा आणि काकाशी जलड्रॅगनसाठी ४४ मुद्रा करतात, आणि तोबिरामा तेच जुत्सू एका मुद्रेत उरकतो. म्हणजे संख्या ही पात्राच्या कसबाची पट्टी आहे. सात मुद्रा माझ्या मुलीला बऱ्या. बारा मूळ मुद्रा जपानी राशिचक्रातल्या प्राण्यांच्या नावाच्या आहेत, उंदरापासून रानडुकरापर्यंत; त्याबाहेरची मुद्रा उगीच शोधून काढू नका.

तपासणी: तक्त्यातल्या प्रत्येक श्वासापुढे शत्रू काय करतोय ते लिहा. एखाद्या ओळीत ‘उभा राहून पाहतोय’ असं आलं तर का, तेही लिहा. माझ्या पाचव्या श्वासात तो उभा आहे, कारण उडीसाठी अजून वेळ आहे असं त्याला वाटतंय. हे चालतं. ‘थक्क होऊन’ उभा असता तर मी स्वतःलाच परत पाठवलं असतं.

## टप्पा ५ : किंमत

किंमत म्हणजे ‘खूप चक्र लागतं’ नव्हे. ते कुणीही लिहितं आणि लढाईत कुणालाच आठवत नाही. किंमत दिसली पाहिजे, अंगावर किंवा जागेवर. झाबुझाचा पाण्याचा पिंजरा पाहा: काकाशीला आत डांबलं, पण हात पिंजऱ्यात ठेवूनच उभं राहावं लागतं. त्या अडकलेल्या हातामुळेच काकाशीच्या पोरांना (शिष्यांना) संधी मिळते. झाबुझाच्या पाण्याच्या प्रतिरूपात मूळ माणसाच्या एक दशांशच ताकद असते. दोन्ही किमती साध्या, ठोस, समोरच्याला वापरता येण्याजोग्या.

माझ्या जुत्सूची किंमत: सुरुवातीचे तीन श्वास तळपाय चिखलात रुतलेले, आणि पाण्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला भास होतो. साथीदारालाही. त्याला आधी बांधावर चढवावं लागतं, आणि हुशार शत्रूला तेवढ्यावरून वास येऊ शकतो.

## टप्पा ६ : तोड आधी लिहा

तोड नसलेलं जुत्सू मी वाचतही नाही. गेंजुत्सूच्या नेहमीच्या तोडी तर हव्यातच: चक्राचा प्रवाह क्षणभर थांबवून ‘काइ’, साथीदाराने स्पर्श करून आपलं चक्र देणं, वेदना. त्यावर या विशिष्ट जुत्सूची स्वतःची तोड हवी, जी रचनेतूनच निघते.

माझी तोड तरंगणारी काडी. माझं वाक्य पाण्यापुरतं आहे, पाण्यावरच्या वस्तूंबद्दल ते गप्प आहे. खाचरात वाळकं गवत, पेंढ्याच्या काड्या तरंगत असतात. लाट सहा पावलं मागे दिसेल, पण तिने पुढे ढकललेल्या काड्या आपल्या खऱ्या जागी दिसतील, म्हणजे लाटेच्या सहा पावलं पुढे, सपाट पाण्यावर आपोआप पळताना. ज्याची नजर काड्यांवर गेली तो वाचला. ही तोड मी शोधायला बसले नव्हते. पहिल्या टप्प्यातलं वाक्य नेमकं होतं म्हणून ती आपसूक सापडली.

दुसऱ्या मिझुकागेचा (हाही एक गावप्रमुख) राक्षसी शिंपलाही इथे अभ्यासावा. वाफेतून मृगजळ उभं करतो, मारा केला तर हल्ला आरपार जातो, पण खरा शिंपला कुठेतरी जवळच असावा लागतो. ही जुनी पूर्वेकडची समजूत आहे: जपानीत मृगजळाला ‘शिनकिरो’ म्हणतात, त्यातला ‘शिन’ म्हणजे श्वासातून मनोरे उभे करणारा तो शिंपला. तोयामा उपसागराकाठचं उओझु शहर वसंतातल्या अशा शिनकिरोसाठी प्रसिद्ध आहे. (आपल्याकडच्या तिसऱ्या बिचाऱ्या सुक्याच्या पलीकडे काही उभं करत नाहीत.)

इशारा: ‘शत्रूला हे जुत्सू माहीत असेल तरच तोडता येतं’ ही तोड नव्हे. पहिल्यांदाच पाहणाऱ्यालाही एक धागा मिळाला पाहिजे.

## टप्पा ७ : नाव आणि दर्जा

हे काम पाच मिनिटांचं, आणि ते शेवटी करायचं. लोक नावापासून सुरुवात करतात आणि मग नावाला शोभेल असं जुत्सू ओढूनताणून बसवतात.

इजा कशाने होते ते पाहा. पाण्याने होत असेल तर पुढे ‘सुइतोन’ लावा, निव्वळ भासाने होत असेल तर ‘मागेन’. माझ्यात फटका पाण्याचा, म्हणून सुइतोन. पुढचा शब्द ‘निगेमिझु’: रस्त्यावर उन्हात लांब पाणी दिसतं आणि आपण पुढे जाऊ तसं तेही पुढे सरकतं, त्याला जपानीत असं म्हणतात. शब्दशः ‘पळतं पाणी’. आपल्या मृगजळाचंच भावंड. ‘सुइतोन’मधल्या ‘तोन’चा मूळ अर्थही निसटणं, पळ काढणं असाच, त्यामुळे नाव जुळून आलं.

दर्जा सी. बी म्हणण्याचा मोह झाला होता, पण एका माणसाला चिखलात पाडणाऱ्या जुत्सूला तो शोभत नाही. भाषांतराच्या ॲपमधून जपानी नाव काढणार असाल तर एकेका शब्दाचा अर्थ शब्दकोशात उलटा तपासा. ‘महाभयंकर जलमाया’चं भाषांतर करताना एकाने चक्क स्नानगृहाशी संबंधित काहीतरी पाठवलं होतं.

## टप्पा ८ : कागदावर तीन कुस्त्या

जुत्सू वापरण्याआधी त्याला तीन विरोधकांपुढे उभं करा आणि निकाल प्रामाणिकपणे लिहा. तिन्ही जिंकलात तर पाचव्या टप्प्यावर परत जा.

पहिला, डोतोनवाला. माती पाण्यावर भारी. तो बांध फोडेल, खाचर रिकामं होईल. माझी मुलगी हरते. तो आधी भासात सापडला तरच थोडी आशा, कारण भिंत उभी करायची वेळही तो अंतरावरूनच ठरवणार.

दुसरा, शारिंगानवाला. पहिल्याच श्वासात चक्र पाहून बांधावर उडी मारतो. हरते. पण त्याला पाण्याबाहेर ठेवणं हाच साथीदारांचा बेत असेल तर हरूनही काम होतं.

तिसरा, रायतोनवाला, आणि इथे गंमत आहे. तत्त्वांच्या चक्रात विजेचा पाण्याशी थेट सामना नाही, म्हणून लोक हा पेपर सोपा समजतात. पण दोघंही पाण्यात उभे आहेत. त्याने खाचरात वीज सोडली तर रुतलेल्या पायांनी उभी असलेली ती आधी मरते. हे लिहिल्यावर मी पहिला टप्पा न बदलता तक्त्यात एक ओळ घातली: हातात वीज दिसली तर जुत्सू सोडायचं. एवढी एक ओळ बऱ्याच जणांच्या पात्राचा जीव वाचवेल.

बिजूशी (अंगात बंदिस्त राक्षसी प्राण्याशी) सूर जुळलेल्या जिंचुरिकीवर (त्याला बाळगणाऱ्या माणसावर) प्रयोग करूच नका, आतला बिजू त्याला भासातून जागं करतो.

## टप्पा ९ : प्रसंग लिहिताना

रोलप्लेत समोरच्याचं पात्र तुमचं नसतं. ‘तो फसला आणि पडला’ हे तुम्ही लिहायचं नाही, ते ऑटो-हिट. तुम्ही लिहायचं ते त्याला काय दिसतं. आणि त्यात धागा टाकायचा, लपवून नव्हे, उघड्यावर, पण दुसऱ्या कामात गुंतवून. समोरच्याने तो वाचला नाही तर दोष त्याचा, वाचला तर शाबासकीही त्याची.

गोष्ट लिहीत असाल तर कुणाच्या डोळ्यांनी सांगताय ते आधी ठरवा. फसणाऱ्याच्या डोळ्यांनी सांगितलं तर वाचकही फसतो, आणि मग मागे वळून पुन्हा वाचतो. फसवणाऱ्याच्या डोळ्यांनी सांगितलं तर श्वास मोजण्याची धाकधूक मिळते. दोन्ही एकाच परिच्छेदात आणलंत तर यातलं काहीच हाती लागत नाही.

भासाच्या वर्णनात ‘जणू’, ‘भासलं’, ‘वाटलं’ हे शब्द टाळा. शत्रूला ते वाटत नसतं, दिसत असतं. मी फसणाऱ्याच्या बाजूने लिहिलं. खाचरात शिरताना त्याच्या नडगीला एक ओली काडी चिकटते, ती तो झटकतो आणि विसरतो. पुढे पाचव्या श्वासात असं आहे:

‘लाट तिच्या पायांशी उठली. गुडघाभर, फार तर. त्याने अंतर जोखलं, भार डाव्या पायावर घेतला. अजून नाही. अजून सहा पावलं. मधलं पाणी सपाट होतं, आभाळ त्यात तसंच पडलेलं, आणि त्या आभाळावरून एक काडी त्याच्याकडे धावत आली, तिच्यामागे दुसरी, मग पाच-सात. वारा पडलेला होता. काडी नडगीला लागली तेव्हा त्याने खाली पाहिलं.’